इंजिनाचा शेंदूर

गेल्या मे महिन्यात मामांना घेऊन एका जंक्शनवर उतरलो होतो. मामा वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. पुढं डिझेलवर गेले, डिझेलवरूनच रिटायर झाले, पण बोलायला लागले की गाडी वाफेवरच येते. स्टेशनाबाहेर, रिक्षा स्टँडला लागून, चौथऱ्यावर नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरचं, एक छोटं इंजिन उभं आहे. त्याला नुकताच रंग दिलेला होता. बॉयलर काळा कुळकुळीत, चाकांच्या कडा पांढऱ्या, पुढचा बफर लालभडक आणि जिथं म्हणून रिव्हेट दिसेल तिथं सोनेरी टिपका. भोवती साखळी, समोर ‘सेल्फी पॉइंट’ अशी पाटी. मला तर छानच वाटलं. मामांनी साखळी ओलांडली, चाकांना जोडणाऱ्या लांब दांड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “रॉडला रंग? अरे, रॉडला तेल लावतात.”

मग खिशातली घराची किल्ली काढून ते बॉयलरवरच्या पत्र्यावर टकटक करत निघाले. वरच्या अंगाला ठण्ण आवाज येत होता. हात खाली पोटाकडे आला तसा तो भद्द झाला. “खालनं गेलंय,” एवढंच बोलले. पुढचं गोल दार, ज्याच्या आत स्मोकबॉक्स, म्हणजे धुराड्याखालची धुराची पेटी, असतो, ते रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटून बसलं होतं. धुराड्याला झाकण नव्हतं. धुराड्याच्या काठावर पिंपळाची चार पानं डोलत होती.

हे इंजिन ‘जतन केलेलं’ आहे असं कागदोपत्री नोंदलेलं असणार. माझा वाद त्या शब्दाशी आहे. आपण इंजिनं जपत नाही, रंगवतो. आणि अनेकदा रंगामुळेच ती लवकर मरतात.

मुंबईत पहिलं वाफेचं इंजिन आलं ते 1852 मध्ये, रूळ टाकायच्या कामासाठी. गव्हर्नरच्या नावावरून त्याचं नाव ‘फॉकलंड’. ते मागंपुढं करताना पाहून लोकांनी त्याला ‘चाक्या म्हसोबा’ म्हटलं अशी आठवण सांगतात. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे, कारण पावणेदोनशे वर्षांनी आपण इंजिनाची अगदी म्हसोबाचीच गत केली आहे. कुणी मोठा साहेब येणार, सप्ताह साजरा व्हायचा, पंधरा ऑगस्ट जवळ आला, की लाव शेंदूर. खरवडायचं नाही, आत बघायचं नाही, जुन्या थरावर नवा थर. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरून 2022 मध्ये हजार किलोंहून अधिक शेंदूर उतरवला, तेव्हा आतली मूर्ती पिढ्यांनंतर लोकांना दिसली. तिथं आत दगड होता, तो टिकला. इंजिनाच्या आत लोखंड आहे.

लोखंडाचं मरण कसं येतं ते मामांनी चहा पिता पिता सांगितलं. पाऊस पडतो तो उघड्या धुराड्यातून थेट स्मोकबॉक्समध्ये. तिथं शेवटच्या फेरीची राख आणि काजळी तशीच पडलेली असते, कारण इंजिन सेवेतून काढताना ती काढायची तसदी कोणी घेतलेली नसते. कोळशात गंधक असतं. राखेत पाणी मुरलं की त्याचं सौम्य आम्ल होतं आणि ते स्मोकबॉक्सचा तळ वर्षानुवर्षं चाटत राहतं. टेंडर, म्हणजे मागं जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, असलेल्या इंजिनात हाच प्रकार टाकीच्या तळाशी, ओल्या कोळशाच्या चुऱ्यामुळं. बॉयलरभोवती उष्णता धरून ठेवायला अस्तर असतं आणि अस्तरावर पत्रा. आपल्याला दिसतो आणि आपण रंगवतो तो हा वरचा पत्रा. त्याच्या जोडांतून शिरलेलं पाणी अस्तर टिपून घेतं, ओल्या घोंगडीसारखं, आणि ते बॉयलरच्या अंगाला लावून बसतं. वर रंगाचा जाड थर असला की ओल बाहेर पडायलाही वाट नाही. बाहेरून इंजिन दरवर्षी तरुण होत जातं आणि एक दिवस कोणाचा तरी पाय पायरीतून आरपार जातो.

म्हणून इंजिनाला सगळ्यांत आधी हवं छप्पर. त्यात संशोधन नाही, परदेश दौरा नाही, सल्लागार नाही. चार खांब आणि वर पत्रा. त्याआधीही करता येण्यासारखं म्हणजे धुराड्यावर झाकण, आतली राख बाहेर, धुण्यासाठी असलेली बॉयलरची बुचं उघडी ठेवून आत हवा खेळती, उघड्या सांध्यांना तेल-ग्रीस आणि वर्षातून एकदोनदा इंजिन वीतभर पुढंमागं ढकलणं, म्हणजे चाक आणि बेअरिंग एकाच जागी आखडत नाही. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. अडचण नेमकी तीच आहे. रंगाचं काम दिसतं, त्याचं बिल निघतं, त्याचं उद्घाटन होतं. राख काढल्याचं उद्घाटन कोण करणार?

छपराचा मुद्दा कुणाला किरकोळ वाटेल, म्हणून एक बाहेरचं उदाहरण. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेचं 1941 सालचं ‘बिग बॉय’ जातीचं 4014 क्रमांकाचं अवाढव्य इंजिन 1962 पासून कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथं जत्रेच्या मैदानावर नुसतं उभं होतं. पन्नास वर्षांनी कंपनीनं ते परत घेतलं, उघडलं, दुरुस्त केलं आणि मे 2019 मध्ये ते पुन्हा धावलं. त्या जातीची जी इंजिनं शिल्लक होती त्यांतून हेच निवडलं जायला दोन गोष्टी कारणीभूत होत्या. तिथली कोरडी हवा, आणि हौशी स्वयंसेवकांनी पन्नास वर्षं त्याला घातलेलं तेल. आपल्याकडे मृग लागला की चार महिने काय होतं ते नेरळ-माथेरानच्या माणसाला विचारा. तिथं पोमोनाची नक्कल करून इंजिन उघड्यावर ठेवणं म्हणजे पापड वाळत घालून झोपी जाणं.

माथेरानचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातल्या अब्दुल हुसेन यांनी उभी केलेली ही दोन फुटी गेजची लाइन 1907 मध्ये सुरू झाली. वीसास एक असा चढ आणि वळणं अशी की साध्या इंजिनाची चाकं रुळावरून उतरतील. जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेलनं त्यावर इलाज केला तो क्लीन-लिंडनर नावाच्या रचनेचा. एक्सल म्हणजे दोन चाकं जोडणारा आस. इथं पोकळ एक्सलच्या आत दुसरा एक्सल, त्यामुळं टोकाची चाकं वळणावर थोडी कलतात आणि तरीही ताकद घेत राहतात. मला विचाराल तर त्या इंजिनात बघण्यासारखं हेच आहे. पोटावर आडवं होऊन चाकांच्या मागं बघावं लागतं. आता एखाद्या मुलाला हे दाखवायचं, तर सांध्यांवर रंगाचा लेप नको आणि शेजारी दोन ओळींची समजूत हवी. आपल्याकडच्या पाटीवर काय असतं? ‘हेरिटेज इंजिन’, उद्घाटन करणाऱ्यांचं नाव, त्यांचं पद, तारीख. इंजिन कुणी बांधलं, कुठल्या लाइनवर धावलं, किती वर्षं, याचा पत्ता नाही. मामांबरोबर पाहिलेल्या त्या इंजिनावर कारखान्याची पितळी पाटी बसवायची जागा होती, चार भोकं होती. पाटी नव्हती. भोकांत सोनेरी रंग भरला होता.

पितळ आणि तांबं हा वेगळाच दुखरा विषय. शिट्टी, इंजेक्टर, वाफेचे कॉक, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची चौकट, सगळं भंगाराच्या बाजारात किलोवर जातं. हे काही आडगावातच होतं असं नाही. ‘फेअरी क्वीन’ हे 1855 साली लीड्सला बांधलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं इंजिन. ते 1997 मध्ये पुन्हा चालू केलं, नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं इंजिन म्हणून 1998 मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. देशाच्या राजधानीतलं हे मानाचं इंजिन, आणि 2011 मध्ये त्याचे भाग चोरीला गेले. इतके, की पुढं अनेक भाग नव्यानं घडवावे लागले. रुळावर ते परतलं 2017 मध्ये.

तरी फेअरी क्वीन नशीबवान. ती 1909 मध्ये सेवेतून गेली आणि पुढं चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत पोचली, म्हणून उरली. तिच्याआधी दोन वर्षं, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी निघाली, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, तिला ओढणारी तीन इंजिनं होती साहेब, सिंध आणि सुलतान. ही नावं आपल्या मुलांना स्पर्धा परीक्षेसाठी पाठ असतात. बघायला मिळत नाही त्यांतलं एकही. नाना शंकरशेटांच्या खटपटीपासून सुरू होणारी गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि त्या गोष्टीतली मुख्य वस्तू हरवून बसलो आहोत.

आता दुसऱ्या बाजूचं. जुन्या इंजिनांचा विषय काढला की एक गट म्हणतो, नुसती उभी काय करता, चालवा. मनातून मलाही तेच वाटतं. शिट्टी ऐकली की पोटात काहीतरी हलतंच. पण चालवणं आणि जपणं या दोन गोष्टी दरवेळी एका दिशेला जात नाहीत. बॉयलरमध्ये पुन्हा दाब धरायचा तर नळ्या नव्या, फायरबॉक्सचे, म्हणजे भट्टीचे, पत्रे बदलायचे, पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि एवढं करून दर काही वर्षांनी पुन्हा तेच. ब्रिटनच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या वाफेच्या इंजिनाचं 2016 मध्ये संपलेलं दुरुस्तीचं काम 42 लाख पौंडांवर गेलं, तेही अशा देशात जिथं 1951 मध्ये वेल्समधल्या टॅलिलिनच्या हौशी लोकांनी एक अख्खी छोटी रेल्वे स्वतः चालवायला घेतली आणि पुढं या कामाची परंपराच तयार झाली. शिवाय चालवण्यासाठी जितकं नवं घालाल तितकं जुनं कमी होत जातं. राष्ट्रीय पातळीवर हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये निवडक इंजिनं चालू ठेवली जातात, ते योग्य आहे. कौशल्य जिवंत राहायला ते लागतंच. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यातलं प्रत्येक इंजिन पेटवायचा आग्रह धरू नये. ज्याला साधं झाकण मिळत नाही त्याला बॉयलर कुठून मिळणार?

यावर मामांचा एक बिनतोड आक्षेप होता, तो मी दडवत नाही. ते म्हणाले, “मूळ मूळ काय करताय? शेडमध्ये इंजिन आलं की याचं चाक त्याला, त्याचा बॉयलर याला. शेवटी मूळ राहायची ती नंबर प्लेट.” खरंच आहे. धावणाऱ्या इंजिनात मूळ असं थोडंच उरतं. मग मी ‘मूळ जपा’ म्हणतो ते कशाच्या जोरावर? मला वाटतं, जपायचं ते कारखान्यातून बाहेर पडलेलं इंजिन नव्हेच. जपायचं ते शेवटच्या दिवशी कामावरून उतरलेलं इंजिन, त्याच्या ठिगळांसकट. कुठल्या तरी वर्कशॉपमधल्या वेल्डरनं घातलेलं जोडकाम, बदललेला कॉक, ड्रायव्हरनं कॅबच्या कडेला डबा अडकवायला ठोकलेला हूक, रंगाचे जुने थर. कुठल्या काळात कुठली कंपनी, कुठला विभाग, कुठला रंग हे त्या थरांत एकावर एक लिहिलेलं असतं. खरवडण्याआधी एखाद्या कोपऱ्यात बोटभर जागा पायरीपायरीनं घासून पाहिली तरी ते वाचता येतं. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून हे काम मास्क घालून, जाणत्या माणसानं करायचं. आपण त्याऐवजी सँडब्लास्ट, म्हणजे जोरानं वाळूचा फवारा, मारतो आणि वर ऑइल पेंट. ठिगळं गेली, हूक गेला, उरला तो शाळेच्या स्नेहसंमेलनातला पुठ्ठ्याचा देखावा.

देखाव्याचं सोंग तर आता अधिकृतच झालं आहे. गुजरातेत एकतानगरसाठी 31 ऑक्टोबर 2023 ला सुरू झालेल्या हेरिटेज गाडीला विजेचं इंजिन आहे, आणि त्याला रूप दिलंय वाफेच्या इंजिनाचं. प्रवाशांना गंमत वाटते, वाटू द्या. पण विजेच्या इंजिनाला धुराडं बसवायला आपल्याकडे पैसा, कारागीर आणि उत्साह निघतो, आणि खऱ्या धुराड्यावर झाकण बसवायला निघत नाही, यात काहीतरी उफराटं आहे.

दुसरा गट विचारतो, हे इंग्रजांचं भंगार कशाला सांभाळायचं? लोकलला लटकून माणसं मरताहेत, स्टेशनात धड पाणी नाही. यातला दुसरा भाग खरा आहे आणि त्यापुढं कुठलंही इंजिन लहानच. पण छपराला लागणारा पैसा हा लोकलच्या पैशातून येत नाही. तो येतो सुशोभीकरणाच्या, म्हणजे त्याच रंगाच्या, कारंजाच्या आणि सेल्फी पॉइंटच्या पैशातून. तीन वर्षांचा रंग वाचवला तर छप्पर होईल असा माझा कच्चा हिशेब आहे. आणि ‘इंग्रजांचं’ म्हणाल, तर स्वातंत्र्यानंतर चित्तरंजनच्या कारखान्यात 2,351 वाफेची इंजिनं आपल्याच लोकांनी बांधली. 1950 मधलं पहिलं ‘देशबंधू’, ब्रॉडगेजवरचं शेवटचं 1970 मधलं ‘अंतिम सितारा’. जी इंग्रजांच्या कारखान्यांतून आली त्यांच्यावरही कोळसा कोणी मारला? बार्शी लाइटचं उदाहरण घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं आखलेली अडीच फुटी लाइन 1897 मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत आली. एकाही एक्सलवर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा नियम, म्हणून हलके रूळ चालले आणि लाइन स्वस्तात झाली. पुढं ती एकीकडे लातूर आणि दुसरीकडे पंढरपूर करत मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला या गाडीनं पंढरपूर गाठणाऱ्या वारकऱ्याला ती इंग्रजांची आहे असं वाटत नव्हतं. मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला काढून तिथं डिझेल लावलं, त्या दिवशी वऱ्हाडात डोळे पुसणारी माणसं होती ती काही लंडनची नव्हती.

तिसरा आक्षेप मीच मांडतो, कारण तो कोणी मांडत नाही. आपण फार इंजिनं ठेवली आहेत. स्टेशनाबाहेर, मोठ्या कार्यालयांच्या दारात, बागेत, चौकात. सगळ्यांना छप्पर आणि देखभाल मिळणार नसेल, तर कमी ठेवा. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. चौकात एकेकटं कुजणारं इंजिन अशा ठिकाणी हलवलं, तर तिथं निदान त्याची भाषा कळणारं कोणी असेल. गावाची अस्मिता दुखावेल, मोर्चे निघतील, हे मला दिसतंय. गावाला ते हवंच असेल तर गावानं छप्पर घालावं.

हे मी चिडून म्हणत नाही. आपल्याकडे अशी माणसं आहेत. दर रविवारी पोरं-पोरी घमेली-कुदळी घेऊन गडावर जातात, टाक्यांमधला गाळ काढतात, उलटलेल्या तोफा सरळ करून लाकडी गाड्यांवर बसवतात. पगार नाही, वर पोह्याचा खर्च स्वतःचा. हीच मंडळी इंजिनाकडे का वळत नाहीत? कारण गडावर तटावरचं गवत उपटताना सहसा कोणी हटकत नाही आणि इंजिनाला हात लावला तर रेल्वेच्या मालमत्तेला हात लावला. परवानगी कोणाकडे मागायची हेच कळत नाही. माझ्या ओळखीच्या तिघांनी एकदा लेखी अर्ज दिला होता की आम्ही स्वखर्चानं राख काढतो आणि तेल घालतो. चार महिन्यांनी तोंडी उत्तर आलं, रंगाचं टेंडर निघालंय, आता गरज नाही.

या बाबतीत रेल्वेनं एक पानाचा नियम काढला तरी पुष्कळ होईल. जवळच्या आयटीआयचे विद्यार्थी आणि गावातले हौशी लोक, एका जाणत्या फिटरच्या देखरेखीखाली, महिन्यातून एक दिवस. बॉयलरच्या अस्तराला मात्र यांनी हात लावायचा नाही. अनेक इंजिनांत ते ॲसबेस्टॉसचं असतं, ते काढणं हे तज्ज्ञांचंच काम. आणि प्रत्येक इंजिनापाशी एक वही. काय पाहिलं, काय उघडलं, काय सापडलं.

जाणता फिटर म्हटलं खरं, पण तो मिळणार किती दिवस? ब्रॉडगेजवरची वाफ 1995 च्या डिसेंबरात संपली, त्याआधीच बहुतेक शेड बंद झाल्या होत्या. 1985 साली पंचविशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून बराच पुढं गेला आहे. भुसावळ, दौंड, मनमाडच्या रेल्वे कॉलन्यांत अशी माणसं अजून आहेत. मामांना इंजिनाच्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते कळायचं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात आहे? मी फोनवर रेकॉर्ड करायला बसलो, तर त्यांनी आधी माझ्या भाच्याला चमचा देऊन कढईवर ठोकायला लावलं, चांगली कढई आणि चिरलेली कढई. आवाजातला फरक ओळखता आला तेव्हाच पुढं बोलले.

त्या जंक्शनवर नंतर मी एकटाच दोनदा गेलो. वडापावच्या गाडीवाल्यानं एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर त्याच्या पोरानं इंजिनावर चढून धुराड्यावर सिमेंटचं जुनं घमेलं पालथं घातलं होतं आणि तारेनं बांधलं होतं. दिवाळीपर्यंत ते टिकलं. मग कुणीतरी पाहणीला येणार होतं, आणि घमेलं वाईट दिसतं म्हणून ते उतरवलं.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी तिथं पाच मिनिटं थांबली तेव्हा खिडकीतून पाहिलं. पिंपळ कापलेला होता. धुराड्यावर पालथं घमेलं होतं. यावेळी काळ्या रंगाचं.